भूकंपात टिकलेली भिंत

सर्वण, डिचोली

प्रिय विनू,

घरामागच्या भिंतीची पाणी गळायची भोकं आज सकाळी सगळी कोरडी पडली. आपला आतेभाऊ गौरेश रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर आहे. त्याने शिडी लावून स्वतः पाहिलं. वर रस्त्यावर धो धो पाऊस आणि खाली थेंब नाही. शेजारच्या ताराकाकी म्हणाल्या, बरं झालं, परसात चिखल तरी नाही. गौरेश म्हणाला, पाणी आतच अडलंय.

तुझ्या लग्नात ही भिंत नव्हती. गोवा घटक राज्य झाल्यावर वरचा रस्ता रुंद झाला, तेव्हा त्याची माती धरायला उभी राहिली. मातीच्या थरांमध्ये लोखंडी पट्ट्या घातल्या आणि त्यांची टोकं पुढच्या सिमेंटच्या पाट्यांना बांधली. आत भरायला हवी होती पाणी सोडणारी खडीवाळू. पण आपण डिचोलीकर विहीर बुजवायची तरी खाणीवरची टाकाऊ माती आणतो, अंगण उचलायचं तरी तीच. इथेही तीच पडली. तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही; मलाही नाही.

वैशाखात धरणी हलली, तेव्हा मोरजीत तुझी भांडी वाजली होती. इथे देवळाची चिऱ्यांची कुंपणभिंत आडवी झाली. ही मात्र डोलली आणि उभी राहिली. लोकांनी तिच्यापुढे नारळ फोडला! गौरेश म्हणतो, अशी भिंत जमिनीबरोबर हलते म्हणून वाचते, त्यात नवल नाही. पण त्या दिवसापासून ती वरून थोडी पुढे कलली आहे आणि मागे रस्त्याला तिच्या लांबीची भेग पडली आहे. भेगेतून पाणी आत जातं. चिकट माती ते बाहेर सोडत नाही आणि भिजून फुगते. त्याने वरिष्ठांना दोनदा कळवलं. उत्तर आलं, भूकंपात टिकली ती पावसात काय पडेल?

आईचंही तेच. घर सोड म्हटलं, तर म्हणते, "धरणी हालली तेन्ना पडूंक ना, आतां कित्याक पडतली? तूं भित्रोच रे!" तरी तिने देवीला कौल लावला. पाकळी उजवी पडली, म्हणजे इथेच राहा. आता गणपतीचा पाट या घरातून हलणार नाही.

चवथ आठवड्यावर आली. तू येशील, मुलं नेहमीसारखी मागच्या खोलीत झोपतील. भिंत सुटली तर पहिली तीच खोली जाईल. म्हणून हे लिहितोय: तू येऊ नकोस. उलट तू अंथरुणाला खिळलीस असा आईला निरोप धाड. खोटं आहे, पण माझ्यासाठी हलली नाही ती तुझ्यासाठी धावेल. पत्र मोरजीच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. तुझा निरोप त्याच्याचकडे दे. आई बसमध्ये बसली की मी पाट नार्व्याला काकांकडे हलवीन. देवीचा कोप माझ्यावर. रेडिओवर परवापासून पावसाचा जोर वाढणार म्हणताहेत. गौरेशच्या मते भिंत तेवढा पाऊस सोसणार नाही.

तुझाच भाई,
शिवदास