इंजिन तापवायचे राहिले आहे

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, अविवाहित, वाचनालयात साहाय्यक, राहणार शिंपीकाकूंच्या घरातली मागची खोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला खोलीत दुसरे कोणी नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही असे डॉक्टरबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी विचारले, घरचे कोण येणार? मी म्हणाले, कळवते. अजून कळवलेले नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंची व्यवस्था अशी व्हावी:

१. डोळे दान करावेत. त्यांना फार वाचायची सवय आहे. ज्याला मिळतील त्याने सांभाळून घ्यावे.

२. पुस्तके वाचनालयाला. त्यातला शब्दकोश मात्र माझ्या भाचीला, आणि लिहायचे टेबलही तिलाच. ती दादाची मुलगी, वय दीड वर्ष. मी तिला फोटोतच पाहिले आहे. शब्दकोशाची पाने तिने फाडली तर रागावू नये. तो आपला आहे असे तिला वाटले, तरच ती पुढे तो उघडेल.

३. कुकर शिंपीकाकूंना. त्याची शिट्टी झाली की त्या भिंतीवर थाप मारून विचारतात, "जेवलीस का गं?" सुट्टीच्या दिवशी माझ्याशी बोलले गेलेले तेवढेच वाक्य असते. कधी कधी मी नुसतेच पाणी घालून कुकर लावलेला आहे, हे त्यांना आता सांगायला हरकत नाही.

४. रविवारचा तास. दर रविवारी दहा ते अकरा मी वाचनालयाच्या पायरीवर बसते आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या गोळ्यांची पाकिटे, नोटिसा, मुलांची पत्रे वाचते. हा तास कोणीतरी पुढे चालवावा. शिक्षणाची अट नाही. एवढेच पाळावे की वाचून द्यावे, वाचून दाखवू नये. यातला फरक मला माझ्याच घरात, उशिरा कळला. तो असा.

५. मोटारसायकल दादाला. ती आमच्या बाबांची. बाबा गॅरेजमध्ये मिस्त्री होते. सगळ्या गावाच्या गाड्या त्यांनी नीट केल्या आणि स्वतःच्या गाडीला कधी हात लावला नाही. त्यांना सही येत होती, वाचता येत नव्हते. दादाने दहावीनंतर शाळा सोडून त्यांच्याबरोबर पाने हातात घेतले आणि मी कॉलेजात गेले. मी अभ्यासाला बसले की बाबा म्हणायचे, "तू वाच, म्हणजे आम्ही वाचू." हा विनोद त्यांनी निदान हजार वेळा केला असेल. मी शेवटी शेवटी हसणे सोडून दिले होते.

मला पदवी मिळणार होती त्याच्या पंधरा दिवस आधी बाबांनी गाडीचे इंजिन रंगवले. त्यांना मला समारंभाहून चकाकत्या गाडीवरून घरी न्यायचे होते. कोणाला कळू नये म्हणून रंगाचा डबा कोणाकडून वाचून घेतला नाही, दादाकडूनही नाही. रंग उष्णतेवर टिकणारा होता, तो चांगलाच आणला होता. पण असा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, त्याला इंजिनाची धग थोडी थोडी द्यावी लागते. बाबांनी गाडी चादरीखाली झाकून ठेवली आणि पंधरा दिवस चालूच केली नाही. नवा रंग खराब होईल म्हणून जपली. त्या दिवशी उशीर होईल म्हणून ते एकदम भरधाव आले. कॉलेजच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा इंजिनावर फोड आले होते, वास सुटला होता आणि बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

डबा त्यांच्या पिशवीत होता. मी तो घेतला आणि मैत्रिणींच्या समोर मोठ्याने वाचला, सूचना एक ते सहा. वर म्हणाले, "बाबा, सगळं लिहिलंय की इथे. वाचायचं तरी."

ते म्हणाले, "अगं, जपली होती गं मी."

त्यानंतर आठ महिने ते होते. त्यांनी गाडीचा विषय काढला नाही आणि अभ्यासाचा विनोदही पुन्हा केला नाही. ते गेल्यावर गॅरेज बंद झाले, दादा टेम्पो चालवू लागला. वाटणीला काही नव्हतेच. गाडी माझ्याकडे सरकवून दादा म्हणाला, "ज्यांनी तुला वाचायला पाठवलं, त्यांनाच वाचून दाखवलंस. घे, तुझी आहे." याला तीन वर्षे होतील. मला त्याचा राग आला होता, कारण ते खरे होते. तो राग मी या कलमाने सोडत आहे. त्याने माझ्यावरचा सोडावा अशी अट घालता येत नाही. मी कायद्याचे पुस्तक पाहिले.

६. गाडीची सध्याची स्थिती. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर मी गेल्या तीन रविवारच्या दुपारी तिच्यावर घालवल्या. फोडांचा रंग तारेच्या ब्रशने काढला. इंजिनावरच्या पट्ट्यांच्या मधले तेल रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने, मग थिनरने पुसले. पॉलिश पेपर मारला, टाकीला आणि चाकांना वर्तमानपत्र गुंडाळले, सायलेन्सरचे तोंड बोळ्याने बंद केले. हातमोजे घातले, कारण जिथे बोट लागते तिथे रंग धरत नाही. एक हात प्रायमर, तीन हात रंग, सगळे पातळ. रंग सुंदर आला आहे, पण कच्चा आहे. त्यावर पेट्रोलचा थेंब पडला तरी निघेल. आता तापवायला हवे: दहा मिनिटे इंजिन चालवून पूर्ण थंड करायचे, मग वीस मिनिटे चालवून पुन्हा थंड, मग अर्धा तास. जपून ठेवले तर हा रंग कधीच पक्का होणार नाही.

डॉक्टरबाईंनी मला किक मारायला मनाई केली आहे. रंगाचे दुकानदार म्हणाले, मी मारून देतो, त्यात काय. मी नको म्हणाले. त्यांनी विचारले, मग कोणाची वाट बघतेस? मी म्हणाले, गाडी ज्याची आहे त्याची.

७. साक्षीदाराला मालमत्तेतले काही देऊ नये असे मी वाचले. त्यामुळे शिंपीकाकू बाद झाल्या. ज्यांना माझ्याकडून काहीच मिळणार नाही आणि तरी जी येऊन सही करतील, अशी दोन माणसे शोधायला मला चार दिवस लागले. त्यांचे आभार.

८. या कागदाची एक प्रत मी आजच दादाला पोस्टाने पाठवत आहे. मी वाचले, तर वरची सर्व कलमे रद्द समजावीत. पाचवे आणि सहावे रद्द होत नाहीत. दादा, गाडी तुझीच आहे आणि ती शिंपीकाकूंच्या पत्र्याखाली उभी आहे. किक तू मारायची, घड्याळ मी बघेन. पहिल्या दहा मिनिटांनंतर इंजिन पूर्ण थंड व्हायला चांगला तासभर लागतो. तेवढा वेळ आपल्याला काहीच काम नसेल.

ठिकाण: मागची खोली, लिहायचे टेबल
दिनांक: चौदा, सोमवार, दुपारी

सही: (मुलगी, बहीण, आत्या)

आमच्यासमोर तिने सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही केली:

१. रंगाचे दुकानदार. (इंजिन मी पाहिले आहे. काम चोख आहे.)

२. वाचनालयाचे शिपाई. निशाणी डावा अंगठा. हा कागद मला सगळा वाचून दिला.