मिठाच्या पाण्यातली लादी

कडा,
१९ एप्रिल, दुपारचे चार

ताई,

काल संस्कृतीचा, मला सोडून गेली तिचा, होणारा नवरा आमच्या बर्फाच्या कारखान्यात आला आणि माझं सगळं फिरलं. तोवर मी बरा होतो. दाजींना नमस्कार. आईचा गुडघा ठीक हाय. कॉलेजचं विचारू नको, सुटलं ते सुटलं.

विजयसिंह त्याचं नाव. लग्नाआधीच्या शूटिंगला त्याला शेततळ्यात तरंगता बर्फ पाहिजे, वर सोफा, सोफ्यावर ती दोघं.

"काय इंजिनियरसाहेब, दोन माणसांना किती लाद्या?" हसत म्हणाला. दुसऱ्या वर्षात सोडलेला इंजिनियर! माझं टाळकंच सरकलं.

टाकीवरच्या फळ्या काढल्या, एक लादी आत सोडली, वर पंचवीस किलोचं मिठाचं पोतं ठेवलं. लादी ढिम्म.

"आठ लावा," म्हणालो. "दोनशे किलोची काळजी न्हाई."

त्याला एक सांगायचं राहिलं. आमच्या टाकीत मिठाचं पाणी असतं, ते बर्फाला वर उचलून धरतं. तळ्याच्या गोड्या पाण्यात तीच लादी जेमतेम बारा किलो पेलते. आठ लाद्यांचे शंभरही होत नाहीत. दोघं आणि सोफा दीडशेच्या वर.

राहिलं नाही, ताई. मी सांगितलं नाही. चारचौघांत तो गटांगळ्या खाताना मला बघायचा होता. तिचा विचारच आला नाही असं लिहिणार होतो, पण तेही खोटं. तिनंही जरा भिजावं असं वाटलं.

सकाळी त्याचा फोन. "ती घाबरत होती. पण तुमचं नाव घेतलं तर म्हणाली, अमरनं मोजलंय ना, मग बसते."

तरी मी लाद्या टेम्पोत चढवल्या. टेम्पो गेल्यावर आमचे मिस्त्री मैनुद्दीनचाचा म्हणाले, "तळ्याला प्लास्टिकची गुळगुळीत पन्नी हाय बे. पडलेल्याच्या हाताला काय लागंल? मागल्या साली पडलेली म्हैस निघाली न्हाई."

संस्कृतीला पोहता येत नाही.

सहाला शूटिंग. तो फोन उचलत नाही, टेम्पोवाल्याचा लागत नाही, तिनं तर माझा नंबर कधीच बंद करून टाकलाय. चाचा गाडीत पेट्रोल भरायला गेलेत, तेवढ्यात हे लिहितोय. तळ्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगावं लागेल, का केलं तेही. मार बसेल, नोकरी जाईल. तुला दुसऱ्याकडून कळू नये. आईला तूच सांग.

गाडी आली. दार ओढून घेतो, निघालो.

अजून म्हणणार असशील तर तुझा भाऊ,
अमर