टेक्ससवाल्याचं वकीलपत्र

२७ मार्च १९६८, देरा, दुबई
शुक्रवारी इथल्या मराठी मंडळाचं अभिरूप न्यायालय, दाऊदमियाँच्या कापड-दुकानावरच्या गच्चीत. आरोपी : अमेरिकेचे अध्यक्ष, टेक्ससवाले (गैरहजर). आरोप : व्हिएतनाम. फिर्यादीचे वकील स्वतः दाऊदमियाँ, रत्नागिरीचे. आरोपीला वकील मिळेना. मंडळी माझ्याकडे वळली. "शास्त्री, तू वार्ताहर. फुकट बोलायची सवय तुलाच." झालं, वकीलपत्र गळ्यात.
मियाँचा धाकटा भाऊ युसूफ मालवाहू बोटीवर खलाशी. बोट व्हिएतनामात, सायगावला गेलीय, महिनाभर खबर नाही. खटला बाकीच्यांना गंमत. त्यांना नाही.

२८ मार्च
तयारी. बाजू अगदीच लंगडी नाही. काळ्या लोकांच्या मतहक्काचा कायदा केला. म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची सोय. आपल्या दुष्काळात गहू. लाल, चिवट. नावं ठेवली, पण खाल्ला. (तोही हात आखडून, आपण लढाईविरुद्ध बोललो म्हणून राग. हे कोर्टात नको.) शिवाय एके काळी शाळामास्तर. इथे मी विरघळतो. ही म्हणते, "मास्तर म्हटलं की तुम्ही खूनही माफ कराल."

२९ मार्च, शुक्रवार
फजिती. संस्कृत पाठशाळेची खोड : आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं, मग खोडायचं. मांडलं. जळकी गावं, पोरं, नदीतल्या सुरुंगांवर फुटणाऱ्या मालवाहू बोटी...
शब्द तोंडून गेल्यावर मियाँकडे पाहिलं.
सिद्धांतावर, म्हणजे माझ्या बाजूवर, यायच्या आत न्यायाधीश झालेल्या डॉक्टरांची घंटा. "वेळ संपली! यल्ला, फिर्यादी." मियाँ उठले. "मला बोलायचं नाही. खलास." जिना उतरून गेले. निकाल पुढच्या शुक्रवारी.
विद्वत्ता म्हणतात ती हीच असावी.

१ एप्रिल
सकाळी रेडिओ : अध्यक्ष पुन्हा उभे राहणार नाहीत. उत्तर व्हिएतनामच्या बहुतेक भागावर बाँब बंद. बोलणी करू म्हणतात. धावत दुकानात.
"आज एक एप्रिल, शास्त्री. मला नको बनवूस."
परत घरी, रेडिओच उचलून आणला, गल्ल्याशेजारी ठेवला. पुढची बातमी दोघांनी उभ्यानं ऐकली. गिऱ्हाईक कापड धरून ताटकळलेलं.

२ एप्रिल
बोटीची खबर नाही. दुपारी मियाँ आमच्या घरी. चहा अर्धा पिऊन,
"त्या दिवशी घंटा वाजली. तुझी खरी बाजू राहिली. सांग आता."
गव्हापासून सुरुवात केली.
"गहू राहू दे. मास्तर होता ना? मास्तर हट्टी. हा शब्द फिरवेल?"
"एवढी खुर्ची सोडतोय, मियाँ. खोटं बोलून त्याला आता काय मिळणार?"
"म्हणजे युसूफ येईल."
न्याय, मीमांसा, सगळं चाचपलं. शेवटी म्हटलं, "इन्शाल्ला."
ते हसले, जेमतेम. "हे तरी पाठशाळेतलं नाही." दारात थांबून, "शुक्रवारी मी निकाल मागत नाही. बोट लागू दे बंदराला. मग बघतो तुझ्या माणसाकडे."
रेडिओ त्यांच्या गल्ल्यापाशीच आहे. मागितला नाही.