न मोजलेली भावंडं

घाटंजी,
डिसेंबर १९६३

प्रिय नलू,

तू घरी पाठवलेलं पत्र तुझे बाबा माझ्याकडे घेऊन आले होते. कॉलेज सोडायचं, भीमराजला न्यायला पाठवा, एवढंच तू लिहिलं आहेस. ते ओसरीच्या कडेला टोपी हातात घेऊन बसले होते. "तिचं मन नसन लागत तं कायले ठेवाव तिले नागपुरात?" म्हणाले.  तू मला वेगळं लिहिलेलं सगळं मी त्यांना सांगितलं नाही, तेव्हा ती काळजी मनातून काढून टाक.

तुझ्याशिवाय ओसरी अगदी ओकीबोकी झाली आहे. कापूस यंदा बरा आहे, जिनिंगचा भोंगा पहाटेच ओरडतो आणि साऱ्या गावात सरकीचा वास भरून राहिला आहे. सरकी दिसली की तू आठवतेस. इंग्रजीत मोजता येतं त्याला मेनी आणि मोजता येत नाही त्याला मच, हे शिकवायला मी सूप भरून सरकी, तांब्याभर पाणी आणि ज्वारी मांडून बसले होते. तू लगेच भांडायला उठलीस, "बाई, ज्वारी तं पायलीनं मोजतात, मंग तिले मच कशी?" आमच्या कॉन्व्हेंटात असा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. मी म्हटलं, दाणा दाणा मोजून बघ. मूठभर मोजलीस आणि हसत सुटलीस, "हे तं सासू सुनेले देते तसं काम हाय!" सिस्टर अ‍ॅग्नेस असती तर आपल्या दोघींनाही कोपऱ्यात उभं केलं असतं.

त्याच दिवशी तुला मोजता येणाऱ्या वस्तूंची नावं सांगायला लावली होती. कोंबड्या, बैल, भाकरी, बांगड्या, शेजारणीच्या शिव्यासुद्धा सांगितल्यास. मुलं मात्र सांगितली नाहीस. मी आठवण करून दिली, तर पाटीकडे बघत राहिलीस. मग हळूच खानेसुमारीची गोष्ट सांगितलीस. माणसं मोजायला आलेले मास्तर दारात उभे राहून विचारतात, मुलं किती? आणि तुझी आई पुनाबाई म्हणते, "आहेत." मास्तर चिडले, "अवं, आहेत म्हणजे किती?" ती म्हणाली, "आहेत म्हणलं ना!" शेवटी तुझ्या बाबांनी त्यांना गोठ्यामागे नेलं आणि तिच्या कानावर पडणार नाही अशा बेतानं आकडा सांगितला. रात्री बाबा तिला म्हणाले, "आपण दीक्षा घेतली, आता काहाची नजर अन् काहाचं काय?" त्यावर ती म्हणाली, "दीक्षा म्या बी घेतली. पण त्या दोघांवर माती म्या लोटली, माह्या हातानं." पूर्वी एकदा कुणीतरी दारात उभं राहून तिची पोरं मोजली आणि त्याच साली दोन गेली, हे तिच्या मनातून कुणी काढू शकलं नाही. त्यानंतर तुमच्या घरात मुलं कुणी मोजली नाहीत.

म्हणून तू लिहिलंस तसं त्या प्राध्यापकांनी भर वर्गात विचारलं, भाऊबहिणी किती, आणि तू उभी राहून इंग्रजीत 'सम' म्हणालीस, तेव्हा तुझ्या मनात काय होतं ते मला इथे बसून कळतं. त्यांना वाटलं, हिला मच-मेनी येत नाही. फळ्यावर सगळं लिहून दाखवलं, वर्ग हसला, आणि आता मेसमध्ये पोळ्या वाढताना पोरी विचारतात, "काय गं सम, किती वाढू? की सम?" मला फार लागलं हे. पण बेटा, चुकलं तुझं काही नाही. 'आहेत' एवढंच सांगणारा आणि न मोजणारा तो एकच शब्द माझ्या शिकवण्यात होता, आणि अडचणीच्या वेळी तू नेमका तोच उचललास.

हे मी कालच लिहिणार होते. पण काल बाजाराच्या दिवशी पुनाबाई आली. कापूस वेचून बोटं चिरली होती. नेहमीसारखी पायरीवर बसू लागली, तर मी हाताला धरून वर ओसरीवर घेतलं. वर्गात काय झालं ते मी तिला सांगितलं, कारण ते तिचंच होतं. ऐकून तिनं पदर सावरला. मग बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत, एकेक नाव घेत मोजलं: नलू, भीमराज, जया, वामन, शांता. थांबली. मग जे गेले त्यांचीही नावं घेतली. "सात," म्हणाली. "लिवा बाई तिले. कोणी पुसलं तं सांग म्हणा. भेऊ नोको म्हणा, म्या मोजले, आता जे होईन ते माह्यावर." आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "बाई, तुम्हाले किती?" गावात हे मला कुणी विचारत नाही. लग्नानंतर आमच्या साहेबांबरोबर क्लबात जायची तेव्हा बायका इंग्रजीत विचारायच्या आणि मी 'नन', एकही नाही, एवढं म्हणून सरबताचा ग्लास उचलायची. तुलाही वाटत असेल, बाईंना मूल झालंच नाही. मुलगी झाली होती, नलू. बारशाआधीच गेली, म्हणून तिला नाव नाही. काल मी एक बोट वर केलं. पुनाबाईनं ते बोट आपल्या चिरलेल्या मुठीत धरून ठेवलं. दिवे लागेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो होतो.

भीमराज शनिवारच्या मोटारीनं तुला न्यायला निघतो आहे. हे पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून आजच टपालात टाकते. तो आला की त्याला पोटभर जेवू घाल, नागपूर दाखव आणि एकट्याला परत पाठव. तुझ्या बाबांना पुनाबाई समजावणार आहे, तसं ती मला सांगून गेली. जाताना दारातून पुन्हा वळली आणि म्हणाली, "येऊ नोको म्हणा तिले. पण असं लिवा का तिले वाईट नाही वाटलं पाहिजे." तसं कसं लिहायचं ते मला काही सुचलं नाही, म्हणून तिचेच शब्द लिहिले.

तुझीच,
ओसरीवरची बाई