विहिरीतलं कासव

माण, मंगळवार, दिवेलागण

लिहूनच काढते. बोलू कुणाशी?

आमच्या विहिरीतलं कासव चोरीला गेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याला भाकरी टाकतेय. हाक मारली की वर यायचं. सकाळी किती हाका मारल्या! मग कठड्याला अडकलेला जाळ्याचा तुकडा दिसला.

मला महादूच आठवला. माझा धाकटा भाऊ. रविवारी आला होता तेव्हा विहिरीत वाकून विचारत होता, "अक्का, ह्याला नखं किती?" मी हसले होते. नखं कशाला मोजायची कुणी?

दुपारी त्याला फोन केला. आधी न्हाई न्हाई म्हणाला, मग रडायलाच लागला. "वीस नखं हायेत, अक्का. चांद्याच्या एका बुवाला दिलं. पैशांचा पाऊस पाडणार हाय म्हणतो. अमावस्येला कापायचंय."

अमावस्या उद्याच. नखांपायी एक जीव जाणार!

"परत आण, पाया पडते तुझ्या," म्हटलं. "ती माणसं मला जित्ता सोडायची न्हाईत," म्हणाला.

तक्रार केली तर महादू आत जाणार. नाही केली तर... दोन्हीकडून मीच घात करणार का?

शेवटी मघाशी वनखात्याला फोन लावला. बुवाचं गाव सांगितलं. साहेबांनी विचारलं, "कासव नेलं कुणी?"

मी बुवाचं गावच पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी सख्ख्या भावाचं नाव सांगितलं. "गाडी काढतो," म्हणाले.

आता फोन वाजतोय. महादूचा आहे. उचलवत नाही.