सहाव्या दिवशीचा पेंडेट

१३ सप्टें., शनि. श्रूजबरी
प्रॅक्टिस अडीच तास, बालीच्या न्योमानकाकांच्या बेसमेंटमध्ये. डावं कोपर अजून दोन सेंटिमीटर खाली पडतं. आमच्या नाचाच्या गुरू बू मादेंनी एका बोटाने वर ढकललं आणि चार आवर्तनं तिथेच धरून ठेवलं.
पुढच्या शनिवारी काकांच्या परसातल्या देवळाचा वाढदिवस. बाली पंचांगाने दर २१० दिवसांनी येतो. तीन वर्षं मी पेंडेट, म्हणजे देवाला फुलं उधळायचा हा बाली नाच, फक्त स्टेजवर केला. या वेळी बू मला देवासमोर घेतायत. बालीबाहेरची मी पहिलीच. "स्टेजवर चुकलीस तरी लोक टाळ्या वाजवतात," बू म्हणाल्या. "तिथे कोणी वाजवत नाही."

१५ सप्टें., सोम.
सकाळी ६.१० ला दादाचा नागपूरहून फोन. बाबा गेले. हार्ट. आज संध्याकाळीच नेणार. "तू पोचणार नाहीस. उगाच धावपळ करू नको."
बरं म्हटलं.
९ ते ५.३० लॅब. पंपाच्या चार टेस्ट, चारही पास. कुणाला सांगितलं नाही.
चार वर्षं बोलणं नव्हतं. त्यांनी ठरवलेलं लग्न मी मोडलं, तेव्हा फोनवर म्हणाले होते, "तुझ्या नावाने आंघोळ केली आम्ही." ते शेवटचं.

१६ सप्टें., मंगळ.
मंडळाच्या शुभदाकाकूंचा फोन, दसऱ्याच्या प्रोग्रॅमबद्दल. "अगं, तुझा तो बाली डान्स सात मिनिटांत बसव. मागच्या वेळी अकरा झाली, बटाटेवडे गार झाले सगळे. आणि फुलं जरा तिसऱ्या रांगेपर्यंत येऊ देत, फोटो छान येतात." मग, "आवाज काय झालाय तुझा?"
सर्दी, म्हटलं.

१८ सप्टें., गुरु.
शेवटची प्रॅ. निघताना बूंनी चौघींना एकेक करून विचारलं, सेबेल आहे का कोणी? म्हणजे पाळी, किंवा घरात मृत्यू. आपलं विटाळ-सुतक, तेच. एकीने सरळ हात वर केला, माझी पाळी चालूय. बू म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी." तिला वाईट वगैरे काही वाटलेलं दिसलं नाही.
"रिता, घरचे सगळे ठीक?" (ऋता त्यांना जमत नाही.)
"हो."
ड्राइव्ह करताना तर्क तपासला. ज्यांनी माझं सुतक चार वर्षांपूर्वी उरकलं, त्यांचं मला लागत नाही. शिवाय मी हे काही मानत नाही. दोन स्वतंत्र कारणं, दोन्ही बरोबर. एक पुरेसं असताना दुसरं कशाला लागलं, हे...

२० सप्टें., शनि.
नऊला पोचले. बू आत नव्हत्या. रस्त्यापलीकडे त्यांच्या गाडीत बसलेल्या. पिवळा पट्टा, केसांत फुलं, पूर्ण तयार. काच खाली केली.
"माझी चुलतबहीण गेली. पहाटे बालीहून फोन आला. मी आत येत नाही. तू पुढे राहा."
मी म्हटलं, ती तिकडे गेली. इथे, इतक्या लांब, काय फरक पडतो?
"लांब आहे म्हणून ती कमी बहीण होते का, रिता?"
बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. मी ओके म्हटलं.
पुढे उभी राहून नाचले. फुलं देवाच्या दिशेने, हळू. एकही चूक नाही. डोळ्यांची फेकसुद्धा प्रत्येक ठोक्यावर. उजवीकडे वळताना कुंपणावरून गाडी दिसायची. विंडशील्डमागे बूंची दोन्ही कोपरं वर होती. बरोबर उंचीवर.

२१ सप्टें., रवि.
बूंचा मेसेज: 'व्हिडिओ पाहिला. कोपर छान. मी बाहेर होते, पण तू शुद्ध होतीस, बरं झालं.'
थँक यू लिहिलं. ते पुसलं. मग तेच पाठवलं.

२४ सप्टें., बुध.
दहावं झालं. दादाचा आवाज बसलाय. "तू काही पाळलंस का तिकडे?"
नाही.
"जाऊ दे. तिथे कोण विचारतंय."
एकीने विचारलं होतं.

४ ऑक्टो., शनि.
दसऱ्याचा प्रोग्रॅम. बूही नाचल्या. मी विचारलं, तुमचं सेबेल? "अजून आहे. बहिणीचं दहन व्हायचंय, आमच्याकडे मुहूर्त बघून करतात. पण स्टेजला चालतं. इथे बघणारी माणसं आहेत." तीच पावलं, तीच कोपरं. फक्त फुलं प्रेक्षकांकडे. तिसऱ्या रांगेपर्यंत गेली. ६ मि. ५० से. शुभदाकाकू खूश.
त्याआधी ग्रीनरूममध्ये बू माझ्या केसांत पिना लावत होत्या. आरसा नव्हता, म्हणून विचारता आलं. कोणी लपवून आत नाचलं तर?
हात थांबले.
"तिला शिक्षा नसते. देऊळ परत शुद्ध करायचं असतं. सगळ्यांनी मिळून." एक पीन लावली. "पण त्यासाठी कळावं लागतं ना." मग, "का?"
माहिती म्हणून, म्हटलं.
पुढची पीन टोचली. मुद्दाम की कसं, सांगता येत नाही.

५ ऑक्टो., रवि.
बूंचा मेसेज: 'पुढचा वाढदिवस १८ एप्रिल. पुढे तूच.'
मोजून पाहिलं. २१० बरोबर.
टाइप केलं: 'बू, १५ सप्टेंबरला माझे वडील गेले.' इतक्या दिवसांत हे वाक्य कुठेच लिहिलं नव्हतं. इथे वहीतसुद्धा 'दादाचा फोन'च्या मागून लिहिलंय. पाठवलं नाही. असं काही मेसेजवर सांगतात का.

११ ऑक्टो., शनि.
प्रॅ. दहाला. बूंच्या बहिणीचं दहन परवा झालं, त्यांचं सेबेल संपलं. ९.५० ला पोचले. बेसमेंटचा रस्ता परसातून, देवळावरून जातो. फाटकापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला, काढला. परत येऊन गाडीत बसले. रस्त्यापलीकडे, त्या दिवशी बू होत्या तिथेच. मुद्दाम नाही, जागा तेवढीच रिकामी होती.
सव्वादहाला वादन सुरू झालेलं ऐकू आलं. मग थांबलं. बू बाहेर आल्या, नुसत्या मोज्यांवर. फाटकातूनच हाक मारली, "रिता, आत का नाही येत?"
त्या तिथेच उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं, मग गाडी कुठे उभी आहे ते पाहिलं. मग रस्ता ओलांडायला लागल्या.
मी काच खाली केली.