बाटली क्रमांक एक

चारकोप, कांदिवली (प.)
रविवार, ३१ मे २०२६
सकाळी ९ वाजून १० मिनिटं

प्रिय संघमित्रा,

जय भीम.

मी, तुझी आई आणि सोसायटीचा पाण्याचा पंप, तिघांचंही बरं चाललंय. पंपाचं बरं चाललंय कारण बेअरिंग मी बदलली. सोसायटीने बोलावलेला माणूस मोटरच बदला म्हणत होता. तुझ्या त्या उत्तर टोकाच्या ट्रॉम्सोचं तापमान मी रोज सकाळी बघतो. आज सहा अंश. इथे माझ्या फ्रीज दुरुस्तीच्या गाळ्यात पत्र्याखाली काल दुपारी एकोणचाळीस भरले. दोन तापमापकांनी मोजलेत, म्हणून खात्रीने लिहितो.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. कॉलवर तू मध्येच "हो पप्पा, कळलं पप्पा" करतेस आणि मी विषय सोडून देतो. कागद मध्ये बोलत नाही. पानं लिहून झाली की फोटो काढून पाठवतो. साडेपाचला तुझा कॉल यायच्या आत सगळी पानं तुझ्या हातात पडली पाहिजेत, असं ठरवूनच बसलोय.

गेल्या रविवारी मी कॉलवर नव्हतो. मढला शूटिंगच्या एका बंगल्यात बर्फाचं मशीन बंद पडलं होतं, तिकडे गेलो होतो. आईने सांगितलंच असेल.

तू मागे पाठवलेला, तुमच्या समुद्रावरचा जुना लेख मी पूर्ण वाचला. शब्दकोश शेजारी ठेवून, रोज एक पान. कॉम्प्रेसरच्या मॅन्युअलवरून इंग्रजी शिकलेला माणूस आहे मी, मला वाक्यं लांब असली तरी चालतात, फक्त ती खरी असावीत. एका गोष्टीने मात्र मी हललो. तुमच्या त्या समुद्रात वरचं पाणी शून्याच्या खाली आणि दोनशे-तीनशे मीटर खाली गेलं की पाणी दोन अंशांनी कोमट! पस्तीस वर्षं मी थंडी खाली बसते असं धरून चाललोय. फ्रीजर उघडला की पायाला गार लागतं, डोक्याला नाही. आणि इथे समुद्र उलटा. मग पुढे वाचलं की खालच्या पाण्यात मीठ जास्त, म्हणून ते कोमट असूनही जड. पटलं. पण पटेपर्यंत दोन दिवस गेले.

जिवाणूंचं मला आणखी आवडलं. वर उजेड आहे, तिथे शेवाळं वाढतं आणि त्याच्या साखरेवर जगणारी वस्ती असते. जसजसं खाली जावं तसतसा उजेड संपतो आणि ती वस्ती विरळ होते. खाली अंधारात दुसरेच लोक राहतात, अमोनियावर पोट भरणारे, धिम्या चालीचे. एकच समुद्र, एकच खारट पाणी, पण किती मीटरवर राहता त्यावर कोण शेजारी ते ठरतं. मला वाटलं, हे आपल्याला माहीतच होतं, फक्त कुणी इतकं नीट मोजलं नव्हतं.

मोजणं. हो. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

११ वाजून २५

मध्ये उठलो. गाळ्यावर जाऊन शटर नीट लावलंय का बघून आलो. लावलेलं होतं. परत येताना बाजारातून कोथिंबीर आणली, ती घरात आधीच होती. तुझी आई म्हणाली, "मी काही मागितलं नव्हतं हो. सकाळपासून तिसऱ्यांदा बाहेर जाऊन आलात. पत्र लिहिताय की पहारा देताय?"

आधी एक गोष्ट दुरुस्त करतो. मढचं मशीन सोमवारी केलं असतं तरी चाललं असतं. मालकानेच तसं सांगितलं होतं. मी तुझ्या कॉलच्या वेळेला घरात नसावं म्हणून रविवारी गेलो. काम पाऊण तासाचं होतं. नंतर मी मासे वाळत घातलेल्या ओट्यांपाशी तीन तास नुसता बसून होतो.

आता जानेवारी. २१ तारीख, बुधवार. अंधेरीच्या ज्या लॅबमध्ये तू समुद्राच्या पाण्याचे नमुने तपासायला दिले होतेस, तिथला उणे ऐंशीचा फ्रीजर उणे बावन्नवर येऊन थांबला आणि त्यांनी मला बोलावलं. तुझ्या ओळखीने बोलावलं, पण काम मी माझ्या नावावर केलं. तुझे तीन डबे होते, तीन ठिकाणांचे, प्रत्येकी बारा नळ्या. कॉम्प्रेसर बदलेपर्यंत ते कोरड्या बर्फाच्या पेटीत हलवायचे होते. दोन डबे हलवले. तिसऱ्याचं झाकण माझ्या हातमोज्याला चिकटलं आणि बाराच्या बारा नळ्या ट्रेमध्ये सांडल्या.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू त्या दिवशी विचारलंस, "पप्पा, सगळं ठीक ना?" मी उत्तर लिहिलं, "−८०. व्यवस्थित." तापमानाचं उत्तर खरं होतं. नळ्या चाळीस सेकंदांत बर्फात परत गेल्या, एकही वितळली नाही.

पण लेबलं गेली. कागदी लेबलं, त्यांचा गोंद त्या थंडीत तडकतो. (बाकीच्या डब्यांवर कापडी होती, ती टिकली. पुढच्या वेळी सगळीकडे कापडीच वापर.) पाणी किती मीटर खोलवरचं ते त्यांच्यावर लिहिलेलं होतं, ती कपच्यांसारखी निघून आली. पाणी ज्या बाटलीने काढलं तिचा टोपणावर मार्करने लिहिलेला आकडा तेवढा राहिला, एक ते बारा. आणि डब्याच्या झाकणावर आतून चिकटवलेला कागद होता. त्यावर नुसते खोलीचे आकडे, ओळीने: ५, १०, २०, ३०, ५०, असं करत १००० मीटर. बारा आकडे, बारा नळ्या.

तिथे मिथुन उभा होता, लॅबमधला. चांगला माणूस, दोन मुलींचा बाप, हाताने व्यवस्थित. तो म्हणाला, "शिवदासकाका, ताईंना एक फोन लावू का?"

मी म्हटलं, "कशाला? एक नंबर म्हणजे पाच मीटर, बारा नंबर म्हणजे हजार. सरळ आहे."

"तरी पण... विचारलं असतं तर बरं ना."

"अरे, मुलगी माझी आहे. पाणी वरूनच खाली मोजतात. टाकीत काठी वरून घालतोस की खालून?"

तो हसला. मी स्वतः माझ्या अक्षरात बारा लेबलं लिहिली. तुला माझं अक्षर माहीत आहे. छापल्यासारखी झाली होती. मिथुन म्हणाला, "काका, झकास," आणि मला बरं वाटलं.

दुपारी २ वाजून ५

जेवलो. तुझी आई समोर बसून बघत होती.  

आता १७ मे. तो कॉल तुलाही आठवत असेल. तू खूश होतीस. आईला म्हणालीस, पहिल्या दोन ठिकाणी अपेक्षेसारखंच आलंय, पण तिसऱ्या ठिकाणी अजब झालंय: वरचे जिवाणू हजार मीटर खाली आणि अंधारातले पाच मीटरवर. म्हणजे तिथे समुद्र वरपासून खालपर्यंत ढवळला गेला असणार. तुझे सर म्हणाले, नऊ जूनला सगळ्यांसमोर हेच मांड.

मी तेव्हा तुझ्या आईच्या मागे टेबलफॅनची पाती पुसत होतो. तुला फक्त माझा हात दिसत होता.

आईने विचारलं, "अगं, पण एवढ्या खालून पाणी आणता कसं? वर येईपर्यंत सगळं एक होत नाही?"

आणि तू समजावलंस. लोखंडी चौकटीवर गोल बाटल्या बसवलेल्या. दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली सोडायच्या. सगळ्यात खाली गेलं की पहिली बंद करायची. मग वर येता येता एकेक.

"म्हणजे एक नंबर सगळ्यात खालचा?" आई म्हणाली.

"हो ना. एक नंबर तळाचा. बारावी वरची."

मी पात्याला बोट लावून उभा राहिलो. मित्रा, बारावीपर्यंत शिकलेल्या तुझ्या आईने एका प्रश्नात विचारलं ते मी जानेवारीत विचारलं नाही. फोन खिशात होता. चार्ज ब्याऐंशी टक्के.

तुझा समुद्र ढवळलेला नाही. मी ढवळला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं हेही लिहितो, कारण अर्धी नोंद म्हणजे नोंद नव्हे. त्याच कॉलवर तू म्हणालीस, "आणि पप्पा, ऐकताय ना? मी लिहितेय त्या लेखाच्या शेवटी आभारात तुमचं नाव टाकलंय. नमुन्यांची शीत व्यवस्था, शिवदास गवई, मुंबई." आईने टाळी वाजवली. मी म्हणालो, "स्पेलिंग बघून घे." एवढंच.

दहावी झाल्यावर वाशीमहून आलो तेव्हापासून माझं नाव बिलावर आलं, गाळ्याच्या पाटीवर आलं. छापलेल्या विज्ञानाच्या कागदावर कधी येईल असं मनातसुद्धा आणलं नव्हतं. त्या रात्रीपासून मी ते नाव मनात वाचतोय. दोन आठवडे मी रोज एक कारण शोधलं. कदाचित तू स्वतः पकडशील. कदाचित समुद्र खरंच ढवळला असेल. कदाचित बाटल्या कधी कधी उलट्याही बंद करत असतील. हे शेवटचं तर मी शोधून वाचलं सुद्धा. नाही करत.

दोन आठवडे तू त्या उलट्या आकड्यांवर चित्रं काढत बसलीस आणि मी नाव वाचत बसलो.

४ वाजून ३५

वरची पानं तुझ्या आईला वाचून दाखवली. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सातवीत असताना तिच्या विज्ञानाच्या वहीचं पान फाडलं होतंत तुम्ही," ती म्हणाली. "आठवतं? पाणी उकळायचं तापमान सत्त्याण्णव लिहिलं होतं तिने."

"तापमापक वाफेत धरला होता तिने. चुकीचं होतं ते."

"चुकीचं होतं. पण पोरीने जे दिसलं ते लिहिलं होतं. तुम्ही पान फाडलंत आणि शंभर लिहायला लावलंत."

मी पानं एकावर एक नीट लावली.

"आता तुमची वही आणा," ती म्हणाली. "आणि फाडू नका."

मग गाळ्यावर जाऊन नोंदवही आणली. एकवीस जानेवारीचं पान आहे. त्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो: "११.४०. डबा ३ सांडला, ४० से. लेबलं निघाली. पुन्हा लिहिली. क्र. १ = ५ मी. ते क्र. १२ = १००० मी. मिथुन म्हणाला विचारू. गरज नाही." हे 'गरज नाही' मी अधोरेखित केलंय. दोनदा.

आता कामाचं, नीट वाच. तुझे नमुने वाया गेलेले नाहीत. टोपणांवरचे आकडे अजून आहेत. काल शनिवारी मिथुनला अंधेरीला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, म्हणजे टाकीत काठी खालून घालायची होती!" ऐकून घेतलं. त्याचा हक्क आहे. त्याने बाराही टोपणांचे फोटो पाठवलेत, ते या पानांबरोबर येतील. तिसऱ्या ठिकाणी उलट वाच: क्र. १ हजार मीटर, क्र. २ पाचशे, क्र. ३ तीनशे, असं करत क्र. १२ पाच मीटर. जहाजावरची तुझी नोंद तुझ्याजवळ असेलच, तिच्याशी ताडून बघ. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मधल्या सहा आणि सात नंबरला विशेष जप, शंभर आणि पंचाहत्तर मीटर. तिथली वस्ती जवळपास सारखीच असेल, उलटं असलं तरी डोळ्याला कळायचं नाही.

मला वाटतं, उलटवलंस की तिन्ही ठिकाणं सारखी दिसतील. वर उजेडातले, खाली अंधारातले. नऊ तारखेला सांगायला अजब असं काही उरणार नाही. ते मी तुझ्याकडून घेतलं, हे मला कळतं. आज तू रागावून कॉल केला नाहीस तरी साडेपाचला मी फोनसमोर बसलेला असेन. पंखा पुसत नाही. समोर.

तुझ्या सरांना सांगताना नळ्या सांडल्या, लेबलं पडली, असं गुळमुळीत सांगू नकोस. कुणी सांडल्या, कुणी लिहिलं, तुला विचारायचं कुणी सुचवलं होतं आणि कोण नाही म्हणालं, सगळं सांग. मिथुनचं नाव चांगल्या बाजूने घे. आणि आभारातलं माझं नाव काढ. काढवत नसेल तर जिथे नमुने कसे हाताळले ते लिहितात तिथे हलव आणि पुढे चूक लिही: तिसऱ्या ठिकाणची लेबलं शिवदास गवई यांनी न विचारता उलट लिहिली. तिथलं स्पेलिंगही बघून घे.

एक राहिलं. सत्त्याण्णव तुझं बरोबर होतं. तापमापकावर तेवढंच होतं, मीही बघितलं होतं.

एकवीस जानेवारीच्या पानाचा फोटो शेवटी जोडलाय. पान वहीतच आहे.

तुझा,
शिवदास
(५ वाजून १२ मिनिटं)